बशीतली दारुहळद, रक्तातली दारुहळद

दारुहळद या पिवळ्या लाकडाच्या औषधी झुडपाचा विषय निघाला की हल्ली दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक : ‘तिच्यातल्या बर्बेरिननं कॅन्सरच्या पेशी मरतात, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय.’ दुसरं : ‘बशीत काय, मीठ जास्त टाकलं तरी पेशी मरतात.’ गंमत अशी की दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही निरुपयोगी. पहिलं म्हणणारा कॅप्सूलची बाटली घेऊन मोकळा होतो, दुसरं म्हणणारा हसून मोकळा होतो. २०२३ मध्ये समाजमाध्यमांनी बर्बेरिनला ‘निसर्गाचं ओझेम्पिक’ (ओझेम्पिक म्हणजे मधुमेहाचं, वजनही उतरवणारं इंजेक्शन) म्हणायला सुरुवात केली, तेव्हापासून तर या भांडणाला ऊत आला आहे. एकीकडे परंपरेचा अभिमान, दुसरीकडे विज्ञाननिष्ठेचा. या दोघांच्या मधे, किराणा दुकानातलं साधं गिऱ्हाईकही जो प्रश्न विचारतं तो मात्र कुणी विचारत नाही. किती?

‘जैविक क्रिया’ हा काही रंगासारखा किंवा वासासारखा वनस्पतीला चिकटलेला गुण नाही. अल्कलॉइडची, म्हणजे बर्बेरिनसारख्या वनस्पतीतल्या नायट्रोजनयुक्त रसायनाची, क्रिया असते ती ठरावीक संहतीला (द्रावणातल्या प्रमाणाला), ठरावीक तासांत, ठरावीक पेशीवर. संहतीचा आकडा गाळला की उरलेलं विधान खोटं ठरत नाही, पण त्यावरून काहीच ठरवता येत नाही. वजन न लिहिलेल्या पावतीवरून भाव काढता येत नाही तसं. म्हणून ‘प्रयोगशाळा खरी की माणूस खरा’ हा वादच चुकीच्या जागी मांडला जातो. प्रयोगशाळेत वापरलेली संहती शरीरात कुठे मिळते का, आणि मिळत असेल तर नेमकी कुठे, असा तो असायला हवा. बर्बेरिनच्या बाबतीत या प्रश्नाची उत्तरं बऱ्यापैकी उपलब्ध आहेत, आणि ती दोन्ही पक्षांना अडचणीत आणणारी आहेत.

‘पेशी मरतात’ म्हणजे प्रयोगशाळेत काय होतं, ते आधी जवळून पाहू. ९६ खळग्यांची प्लॅस्टिकची प्लेट असते, तळहाताहून थोडी मोठी. हीच ती ‘बशी’. प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर पोषक माध्यम आणि त्यात ५ ते १० हजार पेशी. रात्रभर त्या तळाला चिकटू द्यायच्या. बर्बेरिन क्लोराइड पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून ते आधी डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवून मग माध्यमात टाकतात. डीएमएसओ स्वतःच पेशींना त्रास देतं, त्यामुळे त्याचं अंतिम प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत, जमल्यास ०.१ टक्क्यावर ठेवायचं आणि औषध नसलेल्या तुलनेच्या खळग्यांतही तेवढंच डीएमएसओ घालायचं. मग ४८ किंवा ७२ तास ३७ अंशांवर. शेवटी एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य. त्याच्या ५ मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटर द्रावणाचे १० मायक्रोलिटर प्रत्येक खळग्यात. तीन-चार तासांत जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. ते विरघळवून ५७० नॅनोमीटरवर रंग मोजला, जांभळा रंग निम्म्यावर आणणारी संहती काढली, की ‘आयसी-५०’ मिळालं. वर्तमानपत्रातला ‘कॅन्सरवर रामबाण’ हा मथळा पुष्कळदा या एका आकड्यावर उभा असतो, आणि मथळ्याखालच्या मजकुरात तो आकडाच नसतो.

या चाचणीत मोजली जाते ती रंग बदलण्याची ताकद. पेशी मेली की नाही, हे त्यावरून काढलेलं अनुमान आहे. रंग बदलणं पेशीच्या चयापचयावर, त्यातही बऱ्याच अंशी मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांवर, अवलंबून असतं. आणि बर्बेरिनचा एक चांगला अभ्यासलेला परिणाम म्हणजे ते मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतल्या पहिल्याच संकुलाला अडवतं. मग जांभळा रंग घटला तो पेशी मेल्या म्हणून, की पेशी जिवंत असून नुसत्या मंदावल्या म्हणून? एकट्या एमटीटीवरून हे सांगता येत नाही. त्यासाठी मेलेल्या पेशींनाच रंगवणारं ट्रिपॅन ब्लू टाकून पेशी मोजाव्या लागतात, किंवा फाटलेल्या पेशीतून गळणारं एलडीएच हे विकर (एन्झाइम) मोजावं लागतं. शुद्ध बर्बेरिनऐवजी काढा किंवा अर्क वापरला तर उलटीच फसगत होते. अर्कातली पॉलिफेनॉलं एकही पेशी नसताना एमटीटी जांभळं करतात, म्हणजे मेलेला खळगा जिवंत दिसतो. म्हणून अर्क आणि एमटीटी असे, पण पेशी नसलेले खळगे प्लेटवर ठेवावेच लागतात. त्यात बर्बेरिन स्वतः पिवळं, ४२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषणारं आणि अतिनील दिव्याखाली चमकणारं. चकाकी मोजणाऱ्या चाचण्यांमध्ये ते स्वतःचीच भर घालून ठेवतं. कडेच्या ३६ खळग्यांतून माध्यम आटतं आणि तिथली संहती आपोआप वाढते, म्हणून त्यांत नुसतं बफर भरायचं असतं. जागा वाया जाते म्हणून अनेकजण तिथेही नमुने टाकतात आणि मग कडेच्या पेशी औषधानंच मेल्या असं समजतात.

या सगळ्याहून बोलकी गोष्ट पेशींना दिल्या जाणाऱ्या अन्नाची. सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘हाय ग्लुकोज’ डीएमईएम माध्यमात लिटरमागे साडेचार ग्रॅम ग्लुकोज असतं. रक्ततपासणीच्या भाषेत ४५० मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर. माणसाची साखर इतकी आली तर घरचे लोक रिक्षा बोलावतात. एवढ्या साखरेत पोहणाऱ्या पेशीला मायटोकॉन्ड्रियाची फारशी गरज उरत नाही. ती साखर आंबवूनच निभावते आणि मायटोकॉन्ड्रिया बंद पाडणारं विष तिला सौम्य वाटतं. ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज घातलं तर तेच विष त्याच संहतीला जहाल ठरतं. म्हणजे आयसी-५० हा केवळ बर्बेरिनचा गुणधर्म नसून पेशीला आदल्या दिवशी काय खायला घातलं याचाही आहे. आणि आपण तो आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत छापतो!

आता हिशेब. बर्बेरिनच्या बहुतेक पेशी-प्रयोगांत संहती १० ते १०० मायक्रोमोलर असते. त्यातली सर्वांत कमी, म्हणजे १० मायक्रोमोलर धरू. बर्बेरिनचा रेणुभार ३३६. म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे ३,३६० नॅनोग्रॅम. दुसरीकडे, निरोगी माणसांना ४०० मिलिग्रॅम बर्बेरिन एकदा तोंडावाटे देऊन रक्त तपासलं गेलं, तेव्हा रक्तद्रवातली कमाल पातळी सरासरी मिलिलिटरमागे ०.४ नॅनोग्रॅमच्या आसपास आढळली. भागाकार केला तर फरक आठ हजार पटींहून जास्त निघतो. गोळी आणि रक्तातली पातळी सरळ प्रमाणात वाढते असं धरलं (तशी ती वाढत नाही, पण बशीवाल्यांना सवलत म्हणून धरू), तर प्लेटमधली सर्वांत खालची संहती रक्तात आणायला एका बैठकीला तीन किलोंहून जास्त शुद्ध बर्बेरिन गिळावं लागेल. कारणं गूढ नाहीत. बर्बेरिनच्या नायट्रोजनवर कायमचा धन विद्युतभार असतो, त्यामुळे ते पेशीपटलातून सहज पार होत नाही. जे थोडं आत शिरतं त्यातलं पुष्कळसं पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप आतड्यात परत फेकतो. उरलेल्यावर आतड्याची भिंत आणि यकृत हात साफ करतात. तोंडावाटे घेतलेल्या बर्बेरिनची जैवउपलब्धता एक टक्क्याहूनही कमी मानली जाते ती यामुळेच.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ‘अहो, सगळीच वनस्पतिज औषधं आधी प्रयोगशाळेतच सापडली ना? प्लेटवर विश्वास ठेवला नसता तर सदाफुलीतून कॅन्सरचं औषध निघालं असतं का?’ उदाहरण अचूक आहे, पण ते पूर्ण सांगायला हवं. सदाफुलीकडे संशोधक वळले ते मधुमेहासाठी. जमैकात तिच्या पानांचा चहा त्यासाठी प्यायला जात होता. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी अर्क प्राण्यांना तोंडावाटे दिला, तेव्हा साखरेवर काहीच झालं नाही. टोचून दिला तेव्हा उंदीर जंतुसंसर्गानं मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. त्या निरीक्षणातून १९५८ मध्ये विनब्लास्टिन पुढे आलं, त्यापाठोपाठ विनक्रिस्टिन, आणि १९६३ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. म्हणजे सदाफुलीची कथा ‘कोणत्या मार्गानं आणि किती’ या प्रश्नाचीच कथा आहे. तोच पाला, तीच अल्कलॉइडं. तोंडावाटे काही नाही, शिरेतून जीवघेणं आणि जीवदायी. विनक्रिस्टिन आजही फक्त शिरेतूनच देतात, तेही मोजक्या मिलिग्रॅममध्ये. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर जवळपास नेहमीच मृत्यू. आणि आपल्याकडे? सकाळी सदाफुलीची पानं चावून साखर ‘कंट्रोल’ करणारी मंडळी अजून गल्लोगल्ली आहेत, म्हणजे मूळ संशोधकांना तोंडावाटे जो परिणाम दिसलाच नाही, नेमक्या त्याच्यासाठी.

दुसरं उदाहरण तर आपल्या अगदी घरचं. कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड १९६६ मध्ये मन्रो वॉल यांच्यासह मनसुख वाणी यांनी शोधलं. वाणी मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठातून शिकून अमेरिकेत गेलेले. पुढे टॅक्सॉल या कॅन्सरच्या औषधाच्या शोधातही तेच दोघे होते. कॅम्प्टोथेसिन उंदरांमधल्या ल्युकेमियावर झकास चालत होतं. फक्त ते पाण्यात विरघळत नव्हतं. माणसांवरच्या चाचण्यांसाठी ते विरघळावं म्हणून त्याचा सोडियम क्षार करण्यात आला. त्या खटाटोपात रेणूतलं लॅक्टोन कडं उघडलं, आणि ज्या कड्यावर सगळी क्रिया अवलंबून होती तेच गेलं. रुग्णांना फायदा नगण्य, मूत्राशयातून रक्तस्राव मात्र खरा. १९७२ च्या सुमाराला चाचण्या थांबल्या. १९८५ मध्ये कळलं की हा रेणू टोपोआयसोमरेज-१ या विकराला डीएनएवर अडकवून ठेवतो. मग रसायनज्ञांनी कडं शाबूत ठेवून विरघळणारी भावंडं घडवली. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन १९९६ मध्ये मंजूर झाली. बाटलीतल्या शुद्ध पदार्थापासून दवाखान्यापर्यंत तीस वर्षं. ‘कॅम्प्टोथेसिनही आधी प्रयोगशाळेतच होतं’ असं म्हणणाऱ्यानं ही तीस वर्षं त्याच दमात मोजावीत. त्या काळात लोक प्रयोगशाळेतला निकाल पुन्हा पुन्हा सांगत बसले नव्हते. विद्राव्यता, कड्याचं उघडणं-मिटणं आणि रक्तातली पातळी यांच्याशी ते झगडत होते.

मग परंपरावाद्यांचा याहून बळकट मुद्दा येतो : प्लेट कशाला हवी? वैद्यांनी शतकानुशतकं माणसांवरच तर पाहिलं आहे. याला सर्पगंधेतल्या रिसर्पिन या अल्कलॉइडचा भक्कम आधार आहे. सर्पगंधेचं मूळ रक्तदाबावर आणि उन्मादावर चालतं, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यातून लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. शुद्ध रिसर्पिन वेगळं झालं ते त्यानंतर, १९५२ मध्ये. माणूस आधी, रेणू मागाहून. परंपरा प्रयोगशाळेच्या पुढे असू शकते, हे यावरून मान्य करायलाच हवं. पण डॉ. वकील यांच्या लेखाला वजन आलं ते परंपरेमुळे नव्हे. त्यांनी रुग्ण मोजले, दाब मोजला, मात्रा नोंदली. आणि पुढे शुद्ध रेणू हाती आल्यावर कळलं की पाव मिलिग्रॅमही पुरतो, आणि जास्त झाला तर रुग्ण खिन्नतेच्या गर्तेत जातो. मुळांच्या पुडीत अल्कलॉइड झाडागणिक, हंगामागणिक बदलतं. एवढ्या चिंचोळ्या मर्यादेत पुडीनं मात्रा कशी सांभाळणार? बर्बेरिनशी तुलना करून पाहा : रिसर्पिन पाव मिलिग्रॅम, बर्बेरिन दिवसाला दीड हजार. दोघांनाही ‘वनस्पतीतलं क्रियाशील अल्कलॉइड’ असं एकाच दमात म्हणणं म्हणजे मोहरी आणि कलिंगड दोन्ही गोल असतात म्हणण्यासारखं आहे.

‘शुद्ध बर्बेरिन नको, पूर्ण वनस्पती घ्या, बाकीचे घटक मदत करतात’ हाही युक्तिवाद पोकळ नाही. २००० मध्ये फ्रँक स्टर्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दारुहळदीच्या अमेरिकन भावंडांमध्ये ५′-मेथॉक्सीहिडनोकार्पिन नावाचा एक घटक असतो. एकटा तो जंतू मारत नाही. पण स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू नॉर-ए नावाच्या पंपानं बर्बेरिन बाहेर फेकतो, तो पंप हा घटक बंद पाडतो आणि बर्बेरिनची धार कित्येक पटींनी वाढते. एकाच झाडात बाण आणि ढाल फोडणारा असे दोघे! इतकी सुंदर गोष्ट शुद्ध रेणूच्या मागे लागलेल्यांना कधी दिसली नसती, हे खरं. पण ती ‘पूर्ण वनस्पती’ची जादू म्हणून सापडली नाही. घटक वेगळे करून, एकेक आणि मग जोडीनं, संहती बदलत मोजल्यावर सापडली. आणि ती सापडली जंतूंच्या नळीत. तो मदतनीस आतड्यातून रक्तात किती जातो, हा हिशेब तिथेही सुटत नाही.

आता हसून मोकळं होणाऱ्यांकडे वळू, कारण आतापर्यंतच्या हिशेबानं त्यांना फार आनंद झाला असेल. रक्तात मिलिलिटरमागे ०.४ नॅनोग्रॅम, म्हणजे विषय संपला? मग हे कसं? २००४ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात दिवसाला एक ग्रॅम बर्बेरिननं तीन महिन्यांत वाईट कोलेस्टेरॉल सुमारे २५ टक्के उतरलं. २००८ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिल्यावर मधुमेह्यांचं एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) तीन महिन्यांत साडेनऊवरून साडेसातवर आलं, तुलनेला घेतलेल्या मेटफॉर्मिनच्या जवळपास. अभ्यास छोटे आहेत, दोन्हींत रुग्णांची संख्या तीस-चाळिसाच्या घरात. नंतरचे पुष्कळसे अभ्यास चीनमधले आणि अल्पकाळाचे. तरी हा परिणाम डोळेझाक करण्याजोगा नाही. म्हणजे रक्तातल्या आकड्यावरून थेट ‘काम करूच शकत नाही’ असा निकाल देणारा संशयवादी तेवढाच घाईत आहे. यकृतात बर्बेरिन रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठतं, त्याचे चयापचित रेणू रक्तात असतात, आतड्यातले जंतू त्याचं डायहायड्रोबर्बेरिन करतात आणि ते जास्त सहज आत शोषलं जातं. मात्र यातून प्लेट सुटत नाही, उलट जास्त अडकते. यकृतात पोचतो तो चयापचित रेणू असेल तर प्लेटमध्ये तोच, त्याच्याच संहतीत टाकायला नको का? ७२ तास १०० मायक्रोमोलर मूळ बर्बेरिन ओतून मिळालेल्या निकालाचा या फायद्याशी संबंध काय?

आणि संशयवाद्यांच्या हिशेबातून शरीराचा एक अख्खा अवयव सुटतो. जे रक्तात जात नाही ते जातं कुठे? आतड्यातच राहतं! ५०० मिलिग्रॅम बर्बेरिन क्लोराइड लिटरभर आतड्यातल्या द्रवात आहे असं ढोबळ धरलं, तर संहती एक मिलिमोलरच्या पुढे जाते. प्लेटमधल्या १० मायक्रोमोलरच्या शंभरपट. म्हणजे शरीरात एक जागा अशी आहे जिथे बशीतले आकडे खरे असू शकतात, नव्हे, कमी पडतात. बर्बेरिनचे जुने आणि विश्वासार्ह उपयोग याच जागेचे आहेत हा योगायोग नाही. बांगलादेशात अतिसाराच्या रुग्णांना ४०० मिलिग्रॅम बर्बेरिन सल्फेट देऊन झालेला तौलनिक अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. विष तयार करणाऱ्या ई. कोलायच्या जुलाबांत शौचाचं प्रमाण लक्षणीय घटलं, पटकीत मात्र फारसं नाही. आणि २०२० मध्ये लॅन्सेटच्या पोटविकार-यकृत विषयाच्या नियतकालिकात चीनमधला एक मोठा अभ्यास आला. मोठ्या आतड्यातले ॲडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या गाठी, काढून टाकलेल्या रुग्णांना ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा बर्बेरिन किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात बर्बेरिन गटातल्या ३६ टक्के लोकांत ॲडेनोमा पुन्हा आले, दुसऱ्या गटात ४७ टक्के. ॲडेनोमा म्हणजे कॅन्सर नव्हे, ही अट विसरायची नाही. पण ‘बर्बेरिन आणि कॅन्सर’ या शब्दांच्या जोडीला माणसांतला काही पक्का आधार असेल तर तो इथे आहे. फुप्फुसाच्या, स्तनाच्या, मेंदूच्या पेशींवरचे शेकडो प्रयोग फिरत राहतात आणि जिथे औषध खरंच पोचतं त्या आतड्यावरचा हा अभ्यास कुणी सांगत नाही. ‘बशीत मीठही मारतं’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

रक्तात कमी जातं, मग निदान निरुपद्रवी तरी असेल? तेही नाही, आणि कारण पुन्हा तीच जागा. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात औषधं मोडणारी विकरं असतात. निरोगी माणसांना ३०० मिलिग्रॅम बर्बेरिन दिवसातून तीनदा दोन आठवडे दिलं तर सीवायपी-३ए४, २डी६ आणि २सी९ या तिन्ही विकरांचं काम मंदावल्याचं दिसलं आहे. बाजारातली कितीतरी औषधं याच तिघांच्या हातून जातात. मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णांमध्ये बर्बेरिननं सायक्लोस्पोरिन या रोपण टिकवणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी वाढल्याची नोंद आहे. सल्फोनिलयुरिया या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्यानं वर बर्बेरिनची कॅप्सूल सुरू केली तर साखर खाली जाईल ती कुणाच्या खात्यावर मांडायची? नवजात बाळांत तर आणखी वेगळा धोका : बर्बेरिन बिलिरुबिनला (काविळीच्या पिवळ्या द्रव्याला) अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरून ढकलून देतं, आणि सुटं बिलिरुबिन बाळाच्या मेंदूत जाऊ शकतं. सिंगापूरनं १९७८ मध्ये बर्बेरिनवर बंदी घातली ती बाळांच्या काविळीच्या धास्तीनं. ती उठायला कित्येक वर्षं गेली. ‘नैसर्गिक आहे’ हा बचाव या अल्कलॉइडांच्या बाबतीत तर मुळीच चालत नाही. आपल्या रस्त्याकडेच्या पिवळ्या धोत्र्यातही बर्बेरिन असतं, आणि त्याच्या शेजारी सँग्विनारिन हे विषारी अल्कलॉइड. मोहरीच्या तेलातल्या भेसळीतून १९९८ मध्ये दिल्लीत साठहून जास्त माणसं दगावली ती याच धोत्र्यामुळे.

दोष फक्त वाचकांचा किंवा विक्रेत्यांचा नाही. संशोधनाचा कारखानाही तसाच चालतो. झाड आणायचं, सॉक्सलेट उपकरणात मिथेनॉलनं अर्क काढायचा, ड्रॅगनडॉर्फ या चाचणीच्या द्रावणाचा थेंब टाकायचा, नारिंगी गाळ आला की ‘अल्कलॉइड आहे’ लिहायचं (प्रथिनं आणि काही कुमारिनंही तसाच गाळ देतात), सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्यांभोवती जंतू किती मिलिमीटर मरतात ते मोजायचं, एमटीटी करायचं, प्रबंध तयार. चकतीभोवतीची कडी मोठी येते ती पदार्थ जहाल असल्यामुळे, की तो अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) लवकर पसरतो म्हणून? दोन वेगवेगळ्या पदार्थांच्या कड्यांची तुलना करून ‘मानक प्रतिजैविकापेक्षा सरस’ लिहिणाऱ्यांनी किमान रोधक संहती, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारं सर्वांत कमी प्रमाण, काढलेली नसते. शुद्ध पदार्थाचं आयसी-५० मिलिलिटरमागे ४ मायक्रोग्रॅमच्या आत, आणि कच्च्या अर्काचं २० ते ३० च्या आत असेल तरच पुढे जावं, असा एक ढोबळ संकेत अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या कामातून रूढ झाला. तरी १५० मायक्रोग्रॅमलाही ‘लक्षणीय क्रिया’ लिहिलं जातं. निरोगी पेशींचं आयसी-५० शेजारी दिलेलं नसतं. आणि सगळ्यांत मूलभूत चूक तर पहिल्याच पायरीवर होते. ‘दारुहळद’ म्हणून बाजारात बर्बेरिसचं लाकूड येतं आणि झाडी हळदीचंही, म्हणजे कॉसिनियमचं. दोन्हींत बर्बेरिन, दोन्ही पिवळी, पण बाकीचे घटक वेगळे. नमुन्याची फांदी दाबून, वाळवून पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा मुंबईच्या ब्लाटर हर्बेरियममध्ये ओळख पटवून जमा केली नसेल, तर पुढचे सगळे दशांश कुठल्या झाडाचे आहेत हेच ठरत नाही. बाजारातल्या गोळ्यांचंही तेच. अमेरिकेत तपासलेल्या पंधरा बर्बेरिन उत्पादनांपैकी नऊ लेबलवरच्या मात्रेला उतरली नाहीत.

राहता राहिली संगणकावरची डॉकिंग, म्हणजे रेणू प्रथिनात बसतो का याचं गणित. २०२० मध्ये करोनाच्या प्रथिनावर दारुहळदीपासून दालचिनीपर्यंत सगळं बसलं. त्यावर वेगळा परिच्छेद खर्च करत नाही.

या भांडणाची किंमत एका तिसऱ्याच जागी चुकती होते. बर्बेरिन मुख्यतः मुळाच्या आणि खोडाच्या सालीत असतं, पानांत नगण्य. म्हणून दारुहळद खुडता येत नाही, उपटावी लागते. हिमालयाच्या उतारांवरून ती याच रीतीनं कमी होत गेली आहे, जशी कॅम्प्टोथेसिनसाठी सह्याद्रीतली नरक्या ही वनस्पती तोडली गेली. मुळात तीन टक्के बर्बेरिन धरलं आणि ते सगळंच्या सगळं काढता आलं असं समजलं, तरी दिवसाला दीड ग्रॅमसाठी वाळलेलं ५० ग्रॅम मूळ लागतं. एका माणसाला वर्षाला १८ किलो. बाजारातलं काही बर्बेरिन चिनी झाडांतून आणि रासायनिक संश्लेषणातूनही येतं, पण बाटलीवर ‘शुद्ध दारुहळद’ लिहिलेलं असेल तर हे १८ किलो कुठल्यातरी उतारावरून खणून आणलेले असतात, नाहीतर लेबल खोटं असतं.